गोव्यात ए.ए.ची मीटिंग कशी शोधावी, आणि दुसऱ्या मीटिंगलाही कसं पोचावं

दारू सोडायला निघालेला माणूस पहिल्या मीटिंगला बहुतेक वेळा कुणाच्या तरी रेट्याने पोचतो. बायकोने माहेरची बॅग भरलेली असते, कामावरून शेवटची ताकीद मिळालेली असते, नाहीतर डॉक्टरने लिव्हरचा रिपोर्ट समोर ठेवलेला असतो. दुसऱ्या मीटिंगला मात्र स्वतःच्या पायांनी जावं लागतं, आणि बरेचजण तिथेच गळतात. कारणं साधी असतात: परतीची बस मिळत नाही, हॉलमध्ये गावचंच कुणी दिसतं, मीटिंगची वेळ ड्यूटीला आडवी येते, किंवा घरी जाताना नेहमीचं तवेर्न, म्हणजे दारूचा गुत्ता, वाटेतच असतं. यातली जवळजवळ सगळी कारणं आधी विचार केला तर टाळता येतात.

अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, म्हणजे ए.ए., १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन शहरात सुरू झालं. बिल विल्सन हा शेअरबाजारातला माणूस आणि बॉब स्मिथ हा डॉक्टर, दोघेही दारूने पोळलेले, एकमेकांशी बोलत राहिले आणि न पिता राहिले. आजही मूळ पद्धत तीच आहे. फी नाही, प्रवेशअर्ज नाही, ओळखपत्र नाही. सदस्य व्हायला एकच अट आहे, ती म्हणजे दारू सोडायची इच्छा. हे काही नुसत्या भाबड्या समाधानाचं काम नाही. २०२० मध्ये कॉक्रेन या वैद्यकीय आढावे घेणाऱ्या संस्थेने २७ अभ्यास एकत्र तपासले. त्यात असं दिसलं की रुग्णाला ए.ए.शी पद्धतशीर जोडून दिलं, तर सलग दारूमुक्त राहण्याच्या बाबतीत ते इतर नावाजलेल्या उपचारांपेक्षा सरस ठरतं.

सगळ्यात आधी: आजच बंद करणं सुरक्षित आहे का?

रोज, बराच काळ, भरपूर पिणाऱ्याने मीटिंगच्या उत्साहात एका रात्रीत दारू तोडली तर जिवावर बेतू शकतं. शेवटच्या पेगनंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात कापणं, घाम, मळमळ, छातीत धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भ्रम होतो: नसलेली माणसं दिसतात, आवाज ऐकू येतात, वेळ-जागेचं भान सुटतं. घरचे याला 'बाहेरचं काही लागलं' समजून देवळात किंवा घाड्याकडे (मांत्रिकाकडे) नेतात आणि मोलाचे तास जातात. ही वैद्यकीय आणीबाणी आहे. १०८ ला फोन करा.

सकाळी उठल्यावर हात स्थिर करायला घोट लागत असेल, पूर्वी कधी दारू बंद केल्यावर फिट आली असेल, किंवा लिव्हरचा, मधुमेहाचा आजार असेल, तर आधी डॉक्टर, मग मीटिंग. बांबोळीला मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्था आहे, शेजारीच गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाचं इस्पितळ आहे. म्हापसा आणि मडगावला जिल्हा इस्पितळं आहेत. डॉक्टरला रोजचं प्रमाण खरं सांगा. 'थोडी घेतो' म्हटलंत तर औषधाचा डोस त्या 'थोड्या'च्या हिशेबाने ठरेल आणि तिसऱ्या रात्री तो अपुरा पडेल. ब्रँड, पेगचा आकार, दिवसाला किती, शेवटची किती वाजता, हे कागदावर लिहून न्या. बी-१, म्हणजे थायमिनबद्दल स्वतःहून विचारा. सततच्या पिण्याने शरीरातलं ते संपतं आणि त्याच्या अभावी मेंदूला कायमची इजा होऊ शकते.

औषधं चालू असताना मीटिंगला जाता येतं. दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

मीटिंग शोधायची कुठे

ए.ए.चं भारतातलं मध्यवर्ती कार्यालय मुंबईत आहे. त्याच्या वेबसाइटवर भागवार संपर्क मिळतात, त्यातून गोव्याचा नंबर घ्या. फोन उचलणारा बहुधा स्वतः दारू सोडलेला सदस्य असतो, त्यामुळे त्याच्यापुढे लाजायचं कारण नाही. नंबर लागला नाही तर इस्पितळाच्या मानसोपचार ओपीडीत किंवा जवळच्या आरोग्य केंद्रात विचारा. तिथल्या समुपदेशकांना आसपासचे गट सहसा माहीत असतात. चर्चच्या नोटिसबोर्डावरही मीटिंगची चिठ्ठी लावलेली सापडते. १४४४६ ही राष्ट्रीय व्यसनमुक्ती हेल्पलाइन आणि १४४१६ ही टेलि-मानस, म्हणजे मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, दोन्ही मोफत आहेत. टेलि-मानसवर मराठीत बोलता येतं.

इंटरनेटवरच्या यादीवर विसंबून थेट निघू नका. गट जागा बदलतात, पावसाळ्यात वेळ बदलते, शाळेचा हॉल परीक्षेच्या दिवसांत मिळत नाही. कुलूप लावलेल्या दारासमोर उभं राहिलेला माणूस पुन्हा येत नाही, तो सरळ बारमध्ये जातो. म्हणून आधी फोन, आणि फोनवर एवढं विचारा:

- या आठवड्यात मीटिंग नक्की आहे का, किती वाजता सुरू होते आणि किती वाजता सुटते?
- ओपन आहे की क्लोज्ड? (ओपनला घरचं माणूस बरोबर येऊ शकतं. क्लोज्ड फक्त दारूचा त्रास असलेल्यांसाठी असते.)
- हॉलचं दार नेमकं कुठून? चर्चच्या मागून, शाळेच्या जिन्यावरून?
- बोलणं कोणत्या भाषेत चालतं?
- मला दाराशी कुणी भेटेल का?

यातला शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. आत शिरण्यापूर्वीची पन्नास पावलं एकट्याने चालणं फार जड जातं. कुणीतरी गेटवर उभं आहे हे माहीत असेल तर माणूस माघारी वळत नाही. फोनवर बोलायला जमत नसेल तर एवढा मेसेज टाका: 'नमस्कार. दारू सोडायची आहे. म्हापशाच्या बाजूला या आठवड्यात मीटिंग कुठे आहे? पहिल्यांदाच येतोय, कुणी दाराशी भेटेल का?' नाव लिहायची गरज नाही.

गट निवडताना

गोवा लहान. डिचोलीत कुणी काय केलं ते संध्याकाळपर्यंत साखळीला कळतं. त्यामुळे 'तिथे ओळखीचं कुणी असलं तर?' ही भीती खोटी नाही. तिच्यावर दोन उपाय आहेत. एक, सुरुवातीला शेजारच्या तालुक्यातला गट धरा: पेडण्याच्या माणसाने म्हापसा, फोंड्याच्याने पणजी, कुडचड्याच्याने मडगाव. दुसरा, एक गोष्ट लक्षात घ्या: हॉलमध्ये जो ओळखीचा भेटेल, तो तिथे त्याच कारणासाठी आलेला असेल. तुमचं गुपित जितकं त्याच्याकडे, तितकंच त्याचं तुमच्याकडे.

पण लांबचा गट धरताना परतीचा हिशेब आधी करा. मीटिंग साधारण तास-दीड तासाची असते. सातला सुरू झाली तर साडेआठ होतात, आणि तोवर आतल्या गावांकडे जाणाऱ्या बसेस विरळ झालेल्या असतात. पायलट, म्हणजे मोटरसायकल टॅक्सी, मिळेलच असं नाही. स्टँडवर तासभर ताटकळणं, पोटात भूक, समोर बारची पाटी: हा सापळा आहे. पहिल्याच दिवशी विचारा, 'आमच्या बाजूला कोण जातं?' गटात बहुतेक वेळा कुणीतरी स्कूटरवर मागे बसवून नेतं.

निवडीची पहिली कसोटी अंतर नसून वेळ आहे. तुमची पिण्याची ठरलेली वेळ कोणती? कामावरून सुटल्यावर सात ते नऊ असेल, तर मीटिंगही त्याच सात ते नऊच्या पट्ट्यात हवी. रविवारी सकाळची मीटिंग उत्तम असते, पण शुक्रवारची संध्याकाळ ती भरून काढत नाही. कुंडई-वेर्ण्याच्या कारखान्यांत शिफ्टमध्ये असणाऱ्यांनी आणि शॅक-हॉटेलात रात्री दोनला सुटणाऱ्यांनी ऑनलाइन मीटिंगचीही चौकशी करावी. मराठी आणि हिंदी मीटिंगा फोनवर भेटतात. कॅमेरा बंद ठेवून, स्क्रीनवरचं नाव बदलून बसता येतं. मात्र ऑनलाइन हे जोडीला हवं. खोलीत शेजारी बसलेल्या माणसाच्या खांद्याची सर त्याला येत नाही.

भाषेची चिंता नको. गोव्यात कोंकणी आणि इंग्रजीत बरंच चालतं, पण मराठीत बोललात तर कुणाचं काही अडत नाही. हॉल चर्चचा आहे म्हणून हिंदू घरांतली माणसं बिचकतात. गट ती जागा फक्त वापरतो. ए.ए. कोणत्याही धर्माशी बांधलेलं नाही. 'ईश्वर' हा शब्द येतो, पण 'आपल्याला जसा उमजेल तसा' या जोडणीसह. कुणाला तिथे मंगेश दिसेल, कुणाला शांतादुर्गा, आणि कुणी नास्तिक असेल तर त्याला समोरचा गटच पुरतो.

पहिली संध्याकाळ

त्या दिवशी दुपारनंतर पिऊ नका. प्यालात तरी जा, पण गाडी चालवू नका आणि आत फक्त ऐकत बसा. निघण्याआधी काहीतरी पोटात घाला, निदान दोन पाव-भाजी. रिकामं पोट आणि दारूची तल्लफ यांच्यात फरक करणं सुरुवातीच्या दिवसांत फार अवघड असतं.

पंधरा मिनिटं आधी पोचा. खुर्च्या मांडल्या जात असतील, कोपऱ्यात चहाची किटली असेल, टेबलावर पत्रकं आणि पुस्तकं असतील. हात कापत असतील तर अर्धा कपच चहा मागा. देणारा काही विचारणार नाही, कारण त्यानेही कधीतरी अर्धाच मागितलेला असतो. भिंतीवर बारा पायऱ्यांचा, म्हणजे ए.ए.च्या मार्गातल्या बारा टप्प्यांचा, तक्ता दिसेल. पहिल्याच दिवशी तो सगळा समजून घ्यायचा खटाटोप करू नका. पहिली पायरी वाचा: दारूपुढे आपलं काही चालत नव्हतं. आज तेवढी पुरे.

चेअरवर बसलेला सदस्य सुरुवातीचं निवेदन वाचतो. मग थोडं वाचन, आणि एकेकजण बोलतो. 'माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक आहे,' अशी सुरुवात. कोंकणीत 'हांव अल्कोहोलिक' ऐकू येईल. सगळे एका सुरात त्याला नावाने नमस्कार करतात. बोलणाऱ्याला मध्ये कुणी अडवत नाही, सल्ला देत नाही, वाद घालत नाही. नव्या माणसाला हे आधी विचित्र वाटतं, कारण घरी, पंचायतीत, कामावर त्याला वर्षानुवर्षं फक्त सल्लेच मिळालेले असतात.

तुमची पाळी आली तर एवढं पुरतं: 'माझं नाव अमुक, आज पहिलाच दिवस आहे, मी ऐकायला आलोय.' नाव फक्त पहिलं. आडनाव, गाव, नोकरी सांगायची नाही आणि दुसऱ्याचं विचारायचं नाही. स्वतःला अल्कोहोलिक म्हणायची सक्ती नाही. मध्ये एक पिशवी किंवा टोपली फिरते. ती हॉलच्या भाड्यासाठी आणि चहासाठी. बाहेरच्यांची देणगी ए.ए. घेत नाही, खर्च सदस्यच उचलतात. नव्या माणसाने काही टाकलं नाही तरी चालतं. शेवटी सगळे उभे राहून प्रार्थना म्हणतात: जे बदलता येत नाही ते स्वीकारण्याची शांती, जे बदलता येतं ते बदलण्याचं धैर्य, आणि दोन्हींतला फरक ओळखण्याची बुद्धी. म्हणायची नसेल तर नुसतं उभं राहा.

सुटल्यावर लगेच पळू नका. खरं काम या दहा मिनिटांत होतं. तीन जणांचे फोन नंबर घ्या, आणि त्यांच्यासमोरच एक मिस्ड कॉल द्या म्हणजे नंबर खरा आहे हे दोघांनाही कळेल. नंतर जो नंबर कधीच लावला जात नाही, तो न घेतल्यासारखाच. म्हणून दुसऱ्या दिवशी, काही त्रास नसतानाच, एकाला फोन करा: 'काल भेटलो होतो. आज ठीक आहे.' तल्लफ आल्यावर पहिल्यांदाच अनोळखी माणसाला फोन लावणं कुणालाच जमत नाही. आधी सवय असेल तर बोटं आपोआप नंबर लावतात. तल्लफ बहुतेकदा वीस-तीस मिनिटांत ओसरते, आणि एक फोन तेवढा वेळ काढतो.

पहिले नव्वद दिवस

ए.ए.त नव्या माणसाला नव्वद दिवसांत नव्वद मीटिंगा असं सांगतात. सत्तरी-काणकोणसारख्या भागात राहणाऱ्याला ते जमेलच असं नाही. तेव्हा आठवड्याला निदान तीन मीटिंगा धरा, आणि बाकीच्या दिवशी ऑनलाइन मीटिंग किंवा फोन. पहिल्या सहा मीटिंगा होईपर्यंत ए.ए. आपल्याला जमतं की नाही हे ठरवू नका, आणि त्या किमान तीन वेगवेगळ्या गटांत करा. गटागटांचा स्वभाव वेगळा असतो. एखाद्या गटात म्हाताऱ्यांचंच जास्त चालतं, एखाद्यात तरुण हॉटेल-कामगार असतात.

मग एक गट आपला म्हणून धरा. तिथे एखादं काम मागून घ्या: खुर्च्या मांडणं, कप धुणं. कप धुणारा माणूस मीटिंगला आला नाही तर गटाच्या लक्षात येतं, नुसता येऊन बसणारा आला नाही तर येत नाही.

स्पॉन्सर म्हणजे तुम्हाला पायऱ्यांवरून हात धरून नेणारा जुना सदस्य. पुरुषाने पुरुष, स्त्रीने स्त्री निवडावी. किमान वर्षभर दारूमुक्त असलेला, स्वतः पायऱ्या केलेला, आणि फोन उचलणारा असावा. छान बोलतो म्हणून निवडू नका. त्याचं घर, त्याचं काम आता कसं चाललंय ते पाहा. 'मला स्पॉन्सर कराल का?' एवढंच विचारायचं असतं. नाही म्हणाला तर राग धरू नका, त्याच्याकडे आधीच दोघे-तिघे असतील.

काही गोष्टी मात्र खपवून घेऊ नका. कुणी पैसे उसने मागितले, बिझनेसमध्ये ओढलं, किंवा डॉक्टरने दिलेल्या मानसिक आजाराच्या गोळ्या बंद करायला सांगितल्या, तर तो ए.ए.चा सल्ला नव्हे. गोळ्यांचं डॉक्टरच ठरवतील. नव्याने आलेल्या बाईशी सलगी वाढवणारे पुरुष कुठेही असतात तसे इथेही असू शकतात. बायकांनी पहिल्या भेटीतच गटातल्या जुन्या स्त्री-सदस्याचा नंबर मागावा, बायकांच्या मीटिंगा कधी असतात ते विचारावं, आणि 'घरी सोडतो' म्हणणाऱ्याला नाही म्हणायला संकोचू नये.

गोव्याचं कॅलेंडर

गोव्यात दारू सणासारखी ठरलेल्या वेळी दारात येते. मार्च ते मे हुर्राक, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची हलकी दारू. 'हुर्राक म्हणजे काय दारू?' असं सगळेच म्हणतात. हिशेब करून पाहा: हुर्राकात अल्कोहोल साधारण १५ टक्के, काजू फेणीत ४२च्या आसपास. म्हणजे ७५० मिलीच्या हुर्राकाच्या एका बाटलीत साडेचार मोठे पेग फेणीइतकी दारू असते, आणि लिंबू-सोड्यामुळे ती कळत नाही. पहिल्या वर्षी बागायतीत भट्टीच्या कामाला जाऊ नका, मजुरी बुडाली तरी.

शिगमो, सांज्यांव (जूनमधला सेंट जॉनचा सण), चवथ, नाताळ: या प्रत्येकाच्या आदल्या आठवड्यात मीटिंगा वाढवा आणि सणाच्या दिवशी कुठली मीटिंग आहे ते आधी विचारून ठेवा. लग्नाला गेलात तर स्वतःच्या गाडीने जा, जेवण होताच निघा, आणि ग्लास कायम भरलेला ठेवा, सोडा किंवा कोकम सरबताने. रिकाम्या हाताला गोव्यात लगेच कुणीतरी ग्लास देतं. राखणदाराला, म्हणजे गावच्या रक्षक देवाला, सोरो-रोटी (दारू आणि रोटी) ठेवण्याची पाळी तुमच्या घरची असेल तर बाटली आणणं आणि ओतणं भावाला किंवा पुतण्याला करू द्या. मान घराचा असतो, तो कुणाच्याही हातून पोचतो. सर्दीवर फेणी चोळणं, दोन चमचे पिणं, हेही बंद. कफ सिरप घेताना बाटलीवर अल्कोहोल लिहिलंय का ते केमिस्टकडून बघून घ्या.

घरच्यांनी

दारू पिणाऱ्याच्या कुटुंबासाठी वेगळ्या मीटिंगा असतात, त्यांना अल्-अनॉन म्हणतात. पिणारा ए.ए.ला जात नसला तरी बायको, आई, मुलगा तिथे जाऊ शकतात.

एक कळकळीची विनंती. दारूची चीड आणणाऱ्या डायसल्फिरामच्या गोळ्या आमटीत, चहात चोरून घालू नका. गोळी अंगात असताना माणूस प्यायला तर चेहरा लाल होतो, रक्तदाब कोसळतो, हृदयावर ताण येतो, क्वचित जीवही जातो. गोळी बंद केल्यावरही परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहू शकतो. ती रुग्णाला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची असते. चोरून दिल्याचं कळलं की घरच्या अन्नावरचा विश्वासही उडतो, आणि तो परत मिळवायला वर्षं लागतात.

मीटिंगहून परत आल्यावर 'काय सांगितलं तिथे?' असं विचारू नका, तोंडाचा वास घेऊ नका. जेवण गरम ठेवा.

ए.ए. जमलं नाही तर, आणि पाय घसरला तर

सगळ्यांना गटात बोलणं मानवत नाही. गोव्यातच संगाथ या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत अपायकारक पिणाऱ्या पुरुषांसाठी छोट्या समुपदेशनाची पद्धत तपासली. डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण घेतलेल्या समुपदेशकांनी जास्तीत जास्त चार बैठका घेतल्या आणि पिणं कमी झालेलं दिसलं. हे निष्कर्ष २०१७ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आले. अजून व्यसनात पूर्ण न अडकलेल्या माणसासाठी हा रस्ता चांगला आहे. पूर्ण अडकलेल्याला डॉक्टर आणि गट दोन्ही लागतात.

पुन्हा प्यालात तर मीटिंगला जाणं बंद करायचं कारण नाही, उलट त्याच दिवशी जायची गरज असते. सदस्यत्व जात नाही. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे. दोनतीन दिवस सलग पिणं झालं असेल तर सुरुवातीचा नियम परत लागू: एकदम तोडण्याआधी डॉक्टर. मग पहिला फोन स्पॉन्सरला, आणि हॉलमध्ये शिरल्यावर एकच वाक्य: 'माझं नाव अमुक, मी परवा प्यालो.' त्यानंतर कुणीतरी उठून चहा आणून देईल. तो घ्या, आणि निघण्यापूर्वी उद्याची मीटिंग कुठे आहे ते विचारा.